तुटलेला खांदा, शिवलेला खांदा : खेळाडूंच्या कंडरा आणि परतीची घाई



आज मी तुमच्याशी बोलतोय तो कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातून, आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून. इथे या ओट्याला ‘तिण्णै’ म्हणतात. मागून मध्येच स्कूटरचा किंवा देवळातल्या घंटेचा आवाज आला तर सांभाळून घ्या. माझी मराठीही जरा सांभाळून घ्या. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला आले, त्यांच्या मागोमाग जी घरं इकडे आली त्यांतलं आमचं एक. म्हणजे आमच्या घरची मराठी साडेतीनशे वर्षं कावेरीचं पाणी पिते आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रात काढली, म्हणून तुम्हाला समजेल असं बोलता येतं.

मी हाडांचा डॉक्टर आहे आणि त्यातही माझं काम मुख्यतः खांद्याचं. आजचा विषय आहे खेळाडूंच्या खांद्यातल्या तुटलेल्या कंडरा. कंडरा म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट पांढरी दोरी. तीन प्रश्नांची उत्तरं देण्याचा प्रयत्न करतो. नेमकं तुटतं काय? शिवायचं कधी आणि कधी नाही? आणि शिवल्यावर मैदानात परत जायचं कधी? तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः एकदा चुकलो आहे. तेही सांगणार आहे.

सुरुवात एका मुलापासून करतो.

आमच्या या कावेरीच्या खोऱ्यात पोंगलच्या दिवसांत गावोगाव कबड्डीच्या स्पर्धा होतात. तुमच्याकडे जुनी माणसं हुतूतू म्हणतात, इथली जुनी माणसं सडुगुडु म्हणतात. खेळ तोच. हा मुलगा बावीस वर्षांचा, उजवा कोपरारक्षक. समोरच्या चढाईपटूची मांडी त्याने उजव्या हाताने पकडली. चढाईपटू जोरात मध्यरेषेकडे वळला. याने पकड सोडली नाही. हात बाहेर ताणला गेला आणि आतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. त्याने मला सांगितलं, “सर, तो आवाज मला ऐकू आला नाही, जाणवला.” हे वाक्य मी अनेक खेळाडूंच्या तोंडून ऐकलं आहे, वेगवेगळ्या भाषांत.

दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा झाला. गावात कुणीतरी म्हणालं, मुका मार आहे. आठवडाभर गरम तेल लावून चोळलं. एक्स-रे काढला, तो अगदी चांगला आला, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर सगळं घर निर्धास्त झालं. तो माझ्यासमोर आला एकोणिसाव्या दिवशी. शर्ट काढायला सांगितला आणि दोन्ही तळहात एकमेकांवर दाबायला लावले. डाव्या काखेच्या पुढची जाड घडी टणक उभी राहिली. उजवीकडे ती घडीच नव्हती. छातीचा स्नायू आतल्या बाजूला गोळा होऊन बसला होता.

त्याची पेक्टोरॅलिस मेजर, म्हणजे छातीच्या मोठ्या स्नायूची कंडरा, दंडाच्या हाडापासून सुटली होती.

आता थोडं शरीरशास्त्र. घाबरू नका, कलश डोळ्यांसमोर आणा. गावाच्या नावातच कुंभ असलेल्या ठिकाणी बसलोय, तेव्हा उदाहरणही तेच. कलशाच्या तोंडावर नारळ ठेवलेला असतो. नारळ मोठा, तोंड लहान. खांदा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि खांद्याच्या फऱ्यावरची खोबण उथळ. कुठल्याही क्षणी माथ्याचा लहानसा भागच खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात इतका मोकळा फिरतो. मांडीचा सांधा खोल वाटीत बसलेला आहे, तो स्थिर आहे, पण मांडी फिरवून कुणी चेंडू फेकू शकत नाही.

मग नारळ पडत का नाही? भोवतीने बांधलेलं असतं म्हणून. चार स्नायूंच्या कंडरा त्या माथ्याला वरून, मागून आणि पुढून धरून ठेवतात. वर सुप्रास्पायनॅटस, मागे इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना ताकद लावतो तो वरचा मोठा डेल्टॉइड स्नायू; पण माथा खोबणीच्या मध्यावर राखायचं काम या चौघांचं. शिवाय बायसेप्सची एक लांब कंडरा सांध्याच्या आतून जाते. आणि छातीचा मोठा स्नायू पुढून दंडाला येऊन चिकटतो. मिठी मारणं, दाबणं, ओढून धरणं ही कामं त्याची.

कोणत्या खेळात काय तुटतं, याला एक हिशेब आहे. गोलंदाज, भालाफेकपटू, टेनिस आणि व्हॉलीबॉल खेळणारे, जलतरणपटू हे हात डोक्यावरून हजारो वेळा फिरवतात. त्यांची कफ झिजत झिजत, बहुधा आतल्या बाजूने, अर्धवट फाटते. पैलवान आणि कबड्डीपटू एका झटक्यात जखमी होतात; पूर्ण फाटणं, सांधा निखळणं, हे त्यांच्यात जास्त. आणि छातीची कंडरा तुटते ती सर्वांत जास्त बेंच प्रेस मारताना. तीही बार वर ढकलताना क्वचित. बहुतेकदा बार छातीकडे खाली आणताना, स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो तेव्हा. माझ्या कबड्डीपटूचं तेच झालं. पकड आवळलेली, आणि हात बाहेर खेचला जातोय. हे जवळजवळ सगळे रुग्ण वीस ते चाळीस वयाचे पुरुष. ताकद वाढवायला अॅनाबोलिक स्टेरॉइड घेणाऱ्यांत धोका आणखी वाढतो, कारण स्नायू फुगतो पण कंडरा त्या वेगाने बळकट होत नाही. जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न. शिवायचं कधी?

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण हल्ली लोक एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरून येतात. २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस अव्वल खेळाडू, सगळे हात डोक्यावरून वापरणारे, कुणालाही खांद्याचा त्रास नाही. त्यांचे एमआरआय काढले. वीसपैकी आठ जणांच्या खेळत्या हाताच्या कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण फाटल्याच्या खुणा होत्या. दुसऱ्या हातात एकाच्याही नव्हत्या. पाच वर्षांनी त्यांना पुन्हा विचारलं, तर त्या खांद्यांनी कुणालाही दगा दिला नव्हता. याचा अर्थ काय? फोटोवर ऑपरेशन करायचं नसतं, माणसावर करायचं असतं. दुखणं, कमी झालेली ताकद, हाताने केलेली तपासणी आणि एमआरआय यांचा एकमेकांशी मेळ बसला तरच पुढे जायचं.

म्हणून अर्धवट फाटलेल्या कफसाठी पहिला उपाय ऑपरेशन नाही. फेकणं थांबवायचं, फऱ्याचे आणि कफचे व्यायाम निदान तीन महिने नेटाने करायचे, फेकण्याची पद्धत सुधारायची. बरेच खेळाडू एवढ्यावर परततात. वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊन सामने काढू नका. दुखणं झाकलं जातं आणि कंडरा कमकुवत होते.

पण तरुण माणसाची कंडरा मार लागून एका झटक्यात पूर्ण तुटली असेल, तर हिशेब उलटा. तिथे वाट पाहण्यात नुकसान आहे. का? कंडरा म्हणजे ताणलेलं रबर. सुटलं की मागे सरकतं. काही आठवड्यांत आजूबाजूला चिकटतं. आणि जो स्नायू कशालाच बांधलेला नाही तो हळूहळू वाळतो, त्याच्यात चरबी शिरते. ही चरबी नंतर कंडरा शिवली तरी परत जात नाही. छातीच्या कंडरेला आम्ही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, फार तर सहा आठवड्यांत हात घालू पाहतो. कफ एका झटक्यात पूर्ण फाटली असेल तर पहिल्या तीन महिन्यांच्या आत. नंतरही ऑपरेशन होतं, पण कंडरा हाडापर्यंत पोचत नाही, मग दुसरीकडची कंडरा आणून जोड द्यावी लागते, आणि निकाल तितका चांगला येत नाही.

माझा मुलगा एकोणिसाव्या दिवशी आला होता. दोन आठवडे चोळण्यात गेले होते, पण दार अजून बंद झालं नव्हतं. त्याच्या आईने विचारलं, “ऑपरेशन नाही केलं तर हात चालेल ना?” मी खरं ते सांगितलं. चालेल. जेवेल, गाडी चालवेल, दुकानात बसेल. कबड्डीतली पकड मात्र राहणार नाही. आई गप्प बसली. मुलाने माझ्याकडे न बघता विचारलं, “तारीख कधीची?” बाविसाव्या दिवशी आम्ही ऑपरेशन केलं.

ऑपरेशनमध्ये आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. मानेजवळच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन आणि बहुधा जोडीला पूर्ण भूल. कफचं काम आता दुर्बिणीने होतं. काही अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची छिद्रं, सांध्यात खारं पाणी सोडायचं, एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. हाडावरची कंडरेची मूळ जागा खरवडून तिथे ताजं रक्त येऊ द्यायचं. मग हाडात अँकर बसवायचे. अँकर म्हणजे लहानशी खुंटी, धातूची, खास प्लास्टिकची किंवा शरीरात विरघळणारी. तिला चिवट दोरे असतात. ते दोरे कंडरेतून ओवून, कंडरा हाडावर दाबून बांधायची. छातीच्या कंडरेसाठी मात्र काखेच्या पुढे छेद घेऊन उघडंच काम करावं लागतं. धोके आहेत. खांदा आखडणं, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे शिवलेलं पुन्हा फाटणं.

इथे थोडा इतिहास सांगायचा मोह होतोय. छातीच्या या कंडरेच्या तुटण्याची पहिली नोंद पॅटिसिए नावाच्या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये केली, १८२२ साली. त्या वर्षी इथून चाळीस किलोमीटरवर तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. आपल्याला ते सरस्वती महाल ग्रंथालयासाठी माहीत आहेत. पण त्यांचा धन्वंतरी महालही होता, तिथे देशी औषधं आणि युरोपीय शस्त्रक्रिया यांचा एकत्र अभ्यास चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, त्यांच्या काळात ठेवल्या गेल्या आणि त्या आजही जपलेल्या आहेत. कोण रुग्ण, काय तक्रार, काय केलं, पुढे काय झालं.

पुढे काय झालं, हा प्रश्न डॉक्टरला अडचणीचा असतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी सुप्रास्पायनॅटसची तुटलेली कंडरा शिवल्याचं १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. ते म्हणत, प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा आणि वर्षभराने त्याला बोलावून बघा, आपण केलेल्या उपचाराचा शेवट काय झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. मोठ्या रुग्णालयातली जागा त्यांना सोडावी लागली. मग स्वतःच्या लहानशा रुग्णालयात त्यांनी १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रुग्णांचा हिशेब मांडला आणि त्यांत १२३ चुका झाल्याचं स्वतः छापून टाकलं.

कॉडमनची आठवण काढली, तर आता माझं कार्ड.

मी महाराष्ट्रात काम करत होतो तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरकडचा एक पैलवान, सव्वीस वर्षांचा. सुप्रास्पायनॅटस पूर्ण तुटलेली. नोव्हेंबरअखेर दुर्बिणीने शिवली. काम छान झालं होतं. साडेचार महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तो आला. हात पूर्ण वर जात होता. दुखत नव्हतं. गावच्या जत्रेचं मैदान तोंडावर होतं. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, घरच्या जत्रेत एकच कुस्ती. वस्तादांनी नाव दिलंय.” सोबत वस्तादही होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या नजरेत विनंती होती. मी हात वरखाली करून पाहिला आणि म्हणालो, “जपून खेळ.”

जपून कुस्ती खेळता येते का हो? हौद्यात उतरल्यावर समोरचा जपून खेळतो का?

तिसऱ्या मिनिटाला त्याचा खांदा गेला. परत आला तेव्हा कंडरा मागे सरकलेली, कडा चिंध्यांसारख्या. आम्ही दुसऱ्यांदा शिवली, पण स्नायूत तोवर चरबी शिरायला लागली होती. तो पुन्हा फडात उतरला नाही. आज तो तालमीत पोरांकडून जोर-बैठका करून घेतो. माझ्याशी चांगलं बोलतो. दिवाळीला फोन येतो. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती चूक मला जास्त टोचते.

माझं चुकलं काय? मी दुखणं मोजलं. हात किती वर जातो ते मोजलं. ताकद यंत्राने मोजली नाही, आणि काळ मोजला नाही. शिवलेली कंडरा पहिल्या दिवशी टिकते ती दोऱ्याच्या आणि अँकरच्या जोरावर. हाडाला ती खरी चिकटते हळूहळू. पहिले काही दिवस सूज, पुढचे काही आठवडे नवं कच्चं ऊतक, आणि मग कित्येक महिने ते ऊतक पिळून, गुंफून बळकट होत जातं. दुखणं यातल्या पहिल्या टप्प्यांतच थांबतं. म्हणजे रुग्णाला वाटतं बरं झालं, आणि आत कंडरा अजून अर्धी कच्ची असते. शिवलेलं पुन्हा फाटतं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. माझ्या पैलवानाला मी नेमक्या त्याच काळात ‘जपून खेळ’ म्हणालो होतो.

तेव्हा तिसरा प्रश्न. परत कधी?

साधारण वेळापत्रक असं. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत, फिजिओथेरपिस्ट हलवेल तेवढाच हलवायचा. त्यानंतर स्वतःच्या ताकदीने हलवायला सुरुवात. तीन महिन्यांनी हलक्या वजनाचा, रबरबँडचा व्यायाम. खेळाची तयारी पाच-सहा महिन्यांनी. अंगाला अंग भिडणारा खेळ किंवा पूर्ण वेगाने फेकणं सहा ते नऊ महिन्यांनी, कधी वर्षभराने. आणि या काळात तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि कंडरा जुळायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर साखर काबूत हवी.

आणि परतण्याची शक्यता किती? इथे मी गोड बोलणार नाही. रोटेटर कफ शिवलेल्या खेळाडूंवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातले सुमारे ८५ जण कुठल्या ना कुठल्या पातळीवर खेळाकडे परतले. पूर्वीच्याच पातळीवर परतले सुमारे ६६. आणि व्यावसायिक, स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंत पूर्वीची पातळी गाठणारे साधारण निम्मे. रविवारी टेनिस खेळणाऱ्याला ऑपरेशन जेवढं देतं, तेवढं अव्वल खेळाडूला देईलच असं नाही, कारण त्याची खांद्याकडून मागणीच वेगळी असते.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं तुम्हाला आठवत असतीलच. प्रत्येकाच्या खांद्यातली इजा वेगळी होती, पण परतीचा रस्ता शिकण्यासारखा आहे. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर, घरच्या मैदानावर, सचिन तेंडुलकर इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद झाला आणि प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर लंडनमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडिजचा दौरा त्याने सोडला. लोक म्हणाले, संपला. १४ सप्टेंबर २००६ ला क्वालालंपूरला तो भारताकडून पुन्हा उतरला आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ धावा केल्या. पुढची कथा मराठी माणसाला सांगायला नको. पण ज्या मधल्या साडेपाच महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही, त्या महिन्यांनी ती खेळी घडवली. आणि तो फलंदाज होता हेही ध्यानात घ्या. फलंदाजाच्या खांद्यावर गोलंदाजाइतका ताण येत नाही.

गोलंदाजांत अनिल कुंबळे. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे २००१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची गाजलेली मालिका तो खेळू शकला नाही. २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६१९ कसोटी बळी होते. शेन वॉर्नची खांद्याची शस्त्रक्रिया १९९८ च्या मे महिन्यातली. कसोटीत तो परतला जानेवारी १९९९ मध्ये. मारिया शारापोव्हाची रोटेटर कफ ऑक्टोबर २००८ मध्ये शिवली. मे २००९ मध्ये ती कोर्टवर आली तेव्हा जागतिक क्रमवारीत १२६ वर घसरली होती. सर्व्हिस बिघडली, डबल फॉल्ट होत राहिले. फ्रेंच ओपन जिंकायला २०१२ उजाडलं. म्हणजे कोर्टवर परतायला सात महिने, आणि स्वतःच्या जुन्या उंचीवर परतायला साडेतीन वर्षं. या दोन वेगवेगळ्या परती आहेत. आपण पहिलीलाच परत येणं समजतो.

आता माझ्या कबड्डीपटूकडे येतो.

जूनच्या शेवटी तो आला. ऑपरेशनला साडेपाच महिनेही पुरे झाले नव्हते. जिल्हा संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची आशा. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. त्याला माझ्याकडून एक कागद हवा होता, ‘खेळण्यास योग्य’. हात पूर्ण फिरत होता. दुखत नव्हतं. अगदी पैलवानासारखं.

या वेळी मी यंत्र काढलं. डाव्या हाताच्या तुलनेत उजव्याची पकडण्याची ताकद जेमतेम सत्तर टक्के भरली. मी कागद दिला नाही. तो म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी माझं वय निघून जाईल. तुमचं काय जातंय?” आणि उठून गेला. आई मात्र मागे थांबली. मी तिला पैलवानाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही ही गोष्ट त्याला का नाही सांगितली?” खरंच, का नाही सांगितली? कारण स्वतःची चूक रुग्णासमोर मांडायला जड जातं. त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, “उद्यापासून व्यायामाला किती वाजता येऊ?”

चाचणी हुकली ती हुकलीच. ते मी लपवणार नाही. त्या वर्षीची नोकरीची संधीही गेली. नऊ महिन्यांनी दोन्ही हातांतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला, तेव्हा मी कागद दिला. पुढच्या पोंगलला तो खेळला. पण कोपऱ्यात नाही. आता तो चढाई करतो. म्हणतो, कोपऱ्यात उभा राहिलो की हात आपोआप मागे येतो. शरीराने परवानगी दिली, मनाने अजून दिलेली नाही. ही तिसरी परत. तिच्यासाठी माझ्याकडे अँकर नाही.

मी बरोबर केलं का? पैलवानाच्या कार्डावर चूक लिहिली आहे. या मुलाच्या कार्डावर ‘खांदा शाबूत’ असं लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली ‘चाचणी हुकली’ असंही. दोन्ही ओळी कार्डावर राहणार आहेत.

जाता जाता काही गोष्टी लिहून घ्या.

खेळताना खांद्यात काही फाटल्यासारखं वाटलं, आणि हात उचलायची किंवा दाबायची ताकद गेली, तर एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. आठवडाभरात खांद्याच्या डॉक्टरला दाखवा. तोवर चोळू नका. बर्फ, झोळी, विश्रांती एवढंच करा.

एमआरआयमध्ये ‘टेअर’ शब्द दिसला म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. विचारा, अर्धवट की पूर्ण? झिजून की मार लागून? व्यायामाने किती दिवस पाहता येईल?

ऑपरेशन ठरलं तर खर्चाचा हिशेब फिजिओथेरपीसकट करा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते आधीच चौकशी करून ठेवा. ऑपरेशन दोन तासांचं, व्यायाम नऊ महिन्यांचा. दुसरा भाग परवडणार नसेल तर पहिल्या भागाचे पैसे वाया जातात.

आणि प्रशिक्षक, वस्ताद, आईवडील यांना हात जोडून सांगणं आहे. ‘दुखतंय का?’ एवढंच विचारू नका. विचारा, ‘ताकद मोजली का? किती महिने झाले?’ आणि डॉक्टरने कागद द्यायला नकार दिला, तर त्याला एकदा विचारा, का. कदाचित त्याच्याकडेही सांगण्यासारखं एखादं कार्ड असेल.

मी सांगितलं ते सर्वसाधारण ज्ञान आहे. तुमच्या खांद्याचा निर्णय तुमचा खांदा हाताने तपासणाऱ्या डॉक्टरबरोबरच घ्या.

आता इथे कॉफीची वेळ झाली आहे, आणि कुंभकोणममध्ये ती चुकवत नाहीत.